बारावा गडी

रहिमतपूर
१० डिसेंबर १९९५

नाथा,

मायना लिवत बसत न्हाई. मी बरी हाय, तू बरा असशील, म्हस व्यायली. आता कामाचं.

काल आपल्या कुंडलचा कोंडीबा इकडं बाजाराला आलता. त्यो म्हणला, आक्का, तुमच्या भावाची कबड्डीची टीम मोडली. एक गडी पोलिसात भरती झाला आन दोघं कुठल्या कारखान्याच्या संघानं उचललं. म्हंजे तुझं चढाईचं तिन्ही गडी गेलं. आन ह्ये मला कोंडीबानं सांगायचं? सख्खा भाऊ मेल्यागत गप. सात वर्सं ती पोरं हितं सव्वीस जानेवारीच्या स्पर्धेला येत्यात, माझ्या हातचं जेवत्यात. मी काय परकी हाय?

बरं, गेली ती गेली. औंदा येणार हायसा का न्हाई त्ये लिव. येणार असलासा तर बारा गडी कोण त्ये बी लिव. सात मैदानात, पाच बाकावर. मला त्या बाकावरच्या पाचांचीच जास्त काळजी हाय. सात गडी कुणीबी उभं करतंय. मॅच जाती ती शेवटच्या पाच मिनिटांत, आन तवा बाकावरनं कोण उठतंय त्याच्यावर सगळं असतंय. तुझ्या दाजींनी तीस वर्सं पंच म्हणून शिट्टी वाजवली. मी रेघंच्या कडंला पोत्यावर बसून त्येच बघितलंय.

एक सांगून ठिवती. बाकावरच्या सिद्धूला सोडू नगंस. बाकीचं तुझं तू बघ.

फोन कर म्हणू नगंस. बूथवाला काचंतनं तोंडाकडं बघत बसतो, मला बोलाय सुचत न्हाई.

मनुआक्का


कुंडल
१६ डिसेंबर १९९५

आक्कास नाथाजीचा रामराम.

पत्र मिळालं. रागावू नगं. रिपोर्ट द्यायला उशीर झाला कारण रिपोर्ट वाईट होता.

आता खरी परिस्थिती ऐक. फेब्रुवारीत क्रिकेटचा वर्ल्डकप हाय, आपल्याच देशात. गावातली निम्मी पोरं बॅट घिऊन हिंडत्यात. मंडळाच्या चेअरमनला मैदानात सिमेंटची पिच पायजे. मीटिंगमधी मला म्हणला, सुभेदार, कबड्डीत आता काय ऱ्हायलंय? मी म्हणलो, औंदा एक संधी द्या. त्यो म्हणला, रहिमतपुरात सेमीला पोचलासा तर मैदान तुमचं. न्हाई तर एक फेब्रुवारीला सिमेंट पडंल. सगळ्यांसमोर बोलला, मी बी हो म्हणलो.

तुला ठावं हाय, मी पेन्शनीत आलो तवा तिथं बाभळी हुत्या. ती जागा मी हातानं खणली, माती चाळली, एक खडा ठेवला न्हाई. तुझी भावजय गेल्यापासनं सकाळी उठून जायला मला तेवढी एकच जागा हाय. जास्त लिवत न्हाई.

टीम नवी बांधतोय. चेअरमनचा पुतण्या धैर्यशील, वीस वर्साचा, नुसती वीज. तुमच्याकडं पासष्ट किलोचा गट हाय, ह्यो चौसष्ट भरतो. सगळ्या चढाया त्याच्यावर. मागं पकडीला चौघं तयार केल्यात. बाकावर पाच कोवळी पोरं घेतोय, पुढच्या सालाला उपयोगी पडतील.

सिद्धूचं विसर. चौतीस वय, गुडघा बाद, दिवसभर उसाची ट्रॉली वडतो. फौजंत असता तर कवाच डिस्चार्ज मिळाला असता.

नाथाजी


रहिमतपूर
२१ डिसेंबर १९९५

नाथा,

तुला फौजंत काय शिकिवलं कुणास ठाऊक. वीज एकदा पडती, मंग अंधारच असतो. सगळ्या चढाया एकाच्या डोक्यावर ठेवल्यास, त्यो बाद हून बाहेर बसला की तुमी बाकीच्यांनी काय आरती म्हणायची?

पुढच्या सालाला उपयोगी पडतील म्हणं. पुढच्या साली तिथं सिमेंट आसंल तर ती कोवळी पोरं काय बॉल आणून द्यायला ठेवतोस? तुला हीच स्पर्धा हाय. हिच्यात सेमी. मंग हिच्यासाठी गडी निवड.

सिद्धूचा गुडघा बाद हाय, दम बाद न्हाई. गेल्या साली त्यो शेवटची चढाई घिऊन गेला तवा मी बोटावर मोजत हुते. श्वास न तोडता, कबड्डी कबड्डी म्हणत, सावकाश. समोरच्या सातांना घाम फुटला. त्याला पळायला सांगू नगंस. त्याला उभं ऱ्हायला सांग.

आन धैर्यशील चौसष्ट कसा भरतो? गणपतीत आले हुते तवा चांगला दांडगा दिसला. शेरडाच्या काट्यावर मोजलास का काय?

चंद्रा म्हणती, सासूबाई तुमी नातवाच्या परीक्षंची एवढी काळजी करत न्हाई. मी म्हणलं, त्याच्या परीक्षंत मला काय कळतंय? ज्यातलं कळतंय त्यातच बोलती.

मनुआक्का


कुंडल
१२ जानेवारी १९९६

आक्का,

हसू नगं. मैदानाला पाणी मारताना पाय घसरला. नडगीचं हाड गेलं. मांडीपातूर प्लास्टर, सहा आठवडं. दोन लढाया केल्या, खरचटलं न्हाई, आन आपल्याच मैदानात पडलो.

मला यायला जमणार न्हाई. टीम कुणीतरी जबाबदारीनं न्यायला पायजे. पोरं सगळी विशीतली, स्टँडवर सोडली तर सर्कस बघाय जातील. म्हणून सिद्धूला बारावा गडी म्हणून घातला. खेळायला न्हाई, टीम सांभाळायला. त्यो नुसतं व्हय म्हणला आन ट्रॉली काढून गेला.

तुझी खोड मी ओळखतो. ह्येचा तू भलता अर्थ काढू नगं.

नाथाजी


रहिमतपूर
१६ जानेवारी १९९६

नाथा,

तुझा पाय मोडला हे वाईट झालं आन सिद्धू आला हे चांगलं झालं. दोन्ही बी खरं हाय. पायाला हळदीचा लेप लावू नगंस, प्लास्टर हाय.

टीम माझ्याकडंच उतरंल. सोपा झाडून घेतलाय, सतरंज्या उन्हात टाकल्यात. कोंडीबा मॅची बघाय येणार हाय म्हणं. त्यो रोज पॅसेंजरनं येणार जाणार, त्याच्या हातनं तुला रोजचं कळवीन.

मनुआक्का


कुंडल
२५ जानेवारी १९९६, गुरुवार
(सिद्धूच्या हातनं)

आक्का,

ही ऑर्डर समज. पोरं आज दुपारपातूर पोचतील. उद्या सकाळी आठला वजनं हायत. पासष्टच्या वर काटा गेला की गडी बाद, परत संधी न्हाई. तवा आज रातीला फकस्त एक भाकरी आन आमटी. ग्वाड न्हाई, तूप न्हाई, आग्रह न्हाई. धैर्यशीलला अर्धीच भाकरी. सिद्धूला सगळं सांगितलंय.

पहिली मॅच उद्या, शनवारी क्वार्टर. ती जिंकली की सेमी, म्हंजे मैदान वाचलं. मी हितं खाटंवर पडून आढ्याच्या फळ्या मोजतोय. लवकर कळीव.

नाथाजी


रहिमतपूर
२६ जानेवारी १९९६, दिवस मावळायच्या आत

नाथा,

जिंकलासा. अठ्ठावीस एकवीस. कोंडीबा गाडीला निघालाय म्हणून भराभर लिवती.

पकडीवाली पोरं वाघ हायत. त्यांचा मोठा चढाईवाला धा मिनिटांत तीनदा बाद केला, मंग त्यो आमच्या कोपऱ्याकडं बघीचना. तुझी ती कोवळी पोरं बी आळीपाळीनं चढाईला गेली, दोघं बरी हायत, एक नुसताच नाचतो. शेवटाला सिद्धू उतरला. पाच मिनिटं खेळला. चार गुण. मी म्हणलं नव्हतं का, ह्ये मी लिवत न्हाई, पर तू वाच.

पोरांची जेवणं वगैरे ठीक. धैर्यशीलनं केस कापल्यात. उद्या चार वाजता पाटणच्या संघाबरं क्वार्टर हाय. गाडीची वेळ झाली.

मनुआक्का


कुंडल
२७ जानेवारी १९९६, सकाळ

आक्का,

ह्यो काय रिपोर्ट हाय? धैर्यशीलचं केस कापल्यालं मला काय करायचं? त्याचं गुण किती? त्यो खेळला का न्हाई? सिद्धू मैदानात का उतरला?

तू लिवलं न्हाईस त्ये कोंडीबानं साऱ्या गावाला सांगितलं. धैर्यशील वजनात गेला. पासष्ट तीनशे. दोन स्वेटर घालून तासभर पळला, डोस्कं भादरलं, तरी काटा खाली ईना. आता चेअरमन उजाडायला माझ्या दारात. म्हणतो, ह्यो सिद्धूचा डाव. पोराला मुद्दाम खायला घातलं आन आपण मैदानात उतरला. म्हणतो, सुभेदार, आज सिद्धू खेळला तर सेमी गेली खड्ड्यात, मी सिमेंट टाकणार.

मी काय बोलू? सिद्धूला मी स्वतः सांगितलं हुतं, अर्धी भाकरी. त्यानं का ऐकलं न्हाई? मला बी आता शंका याय लागली. चौतिसाव्या वर्सी माणसाला शेवटचं एकदा खेळावं वाटतंय.

तवा ऑर्डर. ही चिठ्ठी सिद्धूला दाखीव. त्यानं आज बाकावरनं उठायचं न्हाई. बाकीच्यांनी खेळायचं, हारलो तर हारलो. कोंडीबाला दुपारच्या आत पोचाय सांगितलंय.

नाथाजी


रहिमतपूर
२७ जानेवारी १९९६, संध्याकाळ

नाथा,

तुझी चिठ्ठी तीन वाजता पोचली. कोंडीबानं मैदानातच दिली. मी वाचली, घडी घातली आन कमरंच्या पिशवीत ठेवली. सिद्धूला दाखवली न्हाई. मॅच झाल्यावर बी दाखवली न्हाई. दाखवणार न्हाई.

आता आधी मॅच ऐक, मंग शिव्या दे.

सिद्धूनं पहिल्या डावात स्वतःला बाकावरच ठेवलं. मी ओरडले, आरं उतर की. त्यो म्हणला, आत्ती, माझ्याकडं धा मिनिटांचा दम हाय, त्यो आत्ता खर्चला तर शेवटाला काय करू? अर्ध्या येळेला नऊ सोळा. पाटणचं सात गुण जास्त. माणसं उठून चाललीवती. माझ्या शेजारी पोत्यावर धैर्यशील बसलावता, भादरल्यालं डोस्कं टॉवेलात गुंडाळून. नखं खाऊन संपली त्याची.

धा मिनिटं ऱ्हायली तवा सिद्धू उठला. गुडघ्याला फडकं बांधलं, मातीला हात लावला. पळाला न्हाई. प्रत्येक चढाईला जायचं, बोनस रेघंच्या पल्याड एक पाय टाकायचा, गुण घ्यायचा, माघारी यायचं. एक गुण. परत एक गुण. पाटणच्या पोरांना वाटलं म्हातारं हाय, आता सापडंल, म्हणून ती पुढं सरली. पुढं सरली की त्यानं पायानं एकाला शिवलं. पाटणची तीन मिनिटांत भांडाय लागली आपापसात. हिकडं आपल्या पकडीवाल्या पोरांनी त्यांचे दोघं दाबलं. तेवीस तेवीस. मंग चोवीस तेवीस, आपण वर.

शेवटची चढाई आपली. आता बघ, एका गुणानं वर हाय. नुसतं त्यांच्या अंगणातली निदान रेघ वलांडून जिवंत माघारी यायचं. रेघ वलांडली न्हाई तरी बाद, सापडला तरी बाद, बाद झाला की बरोबरी. सिद्धू गेला. पाटणचं सातजण साखळी करून वाकलेलं. कबड्डी कबड्डी, सावकाश. रेघ वलांडली. त्यांचा कोपऱ्यातला गडी मुद्दाम पाय पुढं करून उभा, ये शिव म्हणून. कुणीबी तरणा असता तर शिवला असता. माझ्या शेजारचं पोरगं उभं ऱ्हायलं आन म्हणलं, सिद्धूदा, हात लावू नगं. त्यानं लावला न्हाई. वळला, चालत माघारी आला. लोकांनी हुर्यो केली, ह्यो काय खेळ हाय म्हणून. तवर शिट्टी वाजली.

नाथा, तू सेमीला पोचलास. तुझं मैदान ऱ्हायलं. 

आता दुसरं ऐक. काल मी लिवलं न्हाई त्ये आज लिवती.

धैर्यशीलला मी खायला घातलं. सिद्धूनं न्हाई. तुझी ऑर्डर मी वाचली हुती. पर माझ्या माहेरची बारा पोरं माझ्या दारात, आन मी त्यांना भाकरी-आमटी वाढू? गुरवार म्हणून मटण केलं न्हाई एवढंच. पुरणाच्या पोळ्या केल्या, खपली गव्हाची खीर केली, वर तूप. मला वाटलं, एक किलो हातात हाय, एका जेवणानं काय हुतंय. धैर्यशील सगळ्यांच्या आधी पानावर बसला. पहिला घास घेतला आन डोळं मिटलं. मी पाच पोळ्या वाढल्या, खीर किती वाटी त्ये मोजलं न्हाई. सिद्धू म्हणला, आत्ती, बास करा. मी त्याला म्हणलं, माझ्या दारात बास म्हणायचं न्हाई, तू गप जेव. त्यो खाली बघून जेवला. वडिलधाऱ्या बाईला काय बोलणार?

मंग रात्री त्यानं मला सांगितलं. धैर्यशील चौसष्ट नव्हताच. सदुसष्ट हुता. तू त्याला चार दिस लिंबूपाण्यावर ठेवला आन मला चौसष्ट म्हणून लिवलंस. चेअरमनला बी त्येच सांगितलंस. मला खरं लिवलं असतंस तर मी पोळी केली नसती. केली असती, पर एक वाढली असती.

तवा सिद्धूवर शंका घ्यायची न्हाई. माझी चूक माझी, तुझी चूक तुझी. ही चिठ्ठी चेअरमनला वाचून दाखीव. सगळी.

मनुआक्का


कुंडल
३१ जानेवारी १९९६

आक्का,

सेमीत एकोणीस गुणांनी मार खाल्ला त्ये कळलं. खाऊ दे. टीम रविवारी रातीच्या आत गावात आली, चेअरमननं स्वतः स्टेशनावर जीप धाडली.

तुझी चिठ्ठी आली तवा त्यो माझ्या खाटंजवळच बसलावता. वाचा म्हणला. मी मोठ्यानं वाचाय लागलो. मॅचंचं ऐकताना पुढं सरकला, सिद्धू चालत माघारी आला तवा मांडीवर थाप मारली. पोळ्यांचं ऐकून हसला. मंग ती सदुसष्टची ओळ आली. गाळता आली असती, चिठ्ठी माझ्याच हातात हुती. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला आन वाचली.

त्यानं चिठ्ठी माझ्या हातनं घेतली, ती ओळ परत वाचली. मंग म्हणला, पोरगं चार दिस घरात जेवत नव्हतं, माझी वहिनी रडत हुती, आन म्हणत हुतं पोट बिघडलंय. सुभेदार, तुमी त्याला खोटं बोलाय शिकिवलं. मी म्हणलो, व्हय. मैदानापायी.

उठला, चप्पल घातली. दारातनं म्हणला, मैदान तुमचं, शब्द दिलता. पर पोरं तुमची न्हाईत. गडी निवडायचं काम आजपासनं सिद्धूकडं.

पिच त्यो आपल्या उसाच्या खोडव्याच्या रानात काढणार हाय. हितं सिमेंट पडणार न्हाई.

आक्का, मला आनंद व्हायला पायजे. काल सिद्धू आला. मला वाटलं मिरवंल. खाली बसला आन म्हणला, नाना, पुढच्या साली सत्तरच्या गटात उतरवू का टीम? मला ईचारलं त्यानं. मी भिंतीकडं तोंड केलं. त्याच्यावर मी शंका घेतली हुती त्ये त्याला ठावं हाय का? तू सांगितलंस का? खरं लिव.

नाथाजी


रहिमतपूर
५ फेब्रुवारी १९९६

नाथा,

सांगितलं न्हाई. ती चिठ्ठी मी त्याच दिशी चुलीत घातली. तुला सांगायचं आसंल तर तू सांग, तोंड हाय तुला. मी सांगणार न्हाई.

चेअरमन बरोबर बोलला. पोरं तुझी नव्हतीच. माझी बी नव्हती, तरी मी पाच पोळ्या वाढल्या. दोघांनी बी आपल्या मनासारखं केलं आन भोगलं त्या पोरानं. धैर्यशील माझ्याजवळ दोन दिस पोत्यावर बसला, एका शब्दानं बोलला न्हाई की आत्ती तुझ्यामुळं झालं. शनवारी मॅच झाल्यावर सगळ्यात आधी पळत गेला आन सिद्धूच्या गुडघ्याचं फडकं सोडलं.  असल्या गड्याला आपण उपाशी ठेवलं न्हाई तर कोंबलं, सरळ असं कुणी ईचारलंच न्हाई की बाबा तुला कितीत खेळायचंय.

सिद्धूला व्हय म्हण. सत्तरच बरा. सत्तरात तुझ्या पकडीवाल्यांना दोन-दोन किलो चढवाय लागतील, कोपऱ्यातला तर नुसती काडी हाय. आन बाकावर त्यो नुसताच नाचणारा नगं. ह्ये सिद्धूला सांगू नगंस. त्यो ईचारंल तवा सांग, न ईचारता न्हाई. मला बी आता त्येच शिकायचं हाय, जमंल असं वाटत न्हाई.

मैदानाची माती अजून तूच चाळणार ना? त्ये काम कुणी काढून घेतलं न्हाई. मंग पाय बरा हुईस्तवर गप पड, आन बरा झाला की सकाळी उठून जा. ती जागा ऱ्हायली ह्येच लय झालं. भिंतीकडं तोंड करून काय मिळणार हाय?

प्लास्टर निघालं की हिकडं ये. येताना धैर्यशीलला आण. त्याच्या आईला ईचारून आण. त्याला म्हणावं, आत्तीच्या घरात वजनाचा काटा न्हाई.

मनुआक्का